झाकण मिटल्यावर

ग्रेमदा रस्ता, किलोमीटर साडेपाच, स्फाक्स
११ जानेवारी

नौफल,

तुझा लॅपटॉप पोचला. बाबांसाठी पाठवलास, बाबांना दिला. आभार हवे असतील तर त्यांच्याकडून घे. त्यांच्याकडे आता एकच शब्द उरलाय, "बरं". खोकं उघडल्यावर तो त्यांनी उच्चारला. माझ्याकडून काही मिळणार नाही.

हे कागदावर लिहितेय, रजिस्टर टपालानं पाठवतेय आणि प्रत माझ्याकडे ठेवतेय. यापुढे आपलं बोलणं असंच होईल. फोन बाबांना करत जा, ते ऐकतात. मला करू नकोस. आईच्या मृत्यूच्या चाळिसाव्या दिवसाला, चाळिसाव्याला, चार दिवस राहिले असताना तू विमानात बसलास, कारण तिकडे युरोपात, ग्रेनोब्लला, सोमवारी नोकरीवर हजर व्हायचं होतं. सल्हा मावशी अजून विचारते, "चार दिवसांत ती कंपनी काय पळून जाणार होती का गं?" मी सांगते, त्यालाच विचार. पण ती तुला विचारत नाही, लाडाचा भाचा आहेस ना.

आता कामाचं. या लॅपटॉपच्या कीबोर्डखाली बोटाचा ठसा घेणारा जो काळा चौकोन आहे, तो तुझ्या कंपनीचा. मुद्दाम निवडलास की नेहमीसारखं न बघता उचललास, देव जाणे. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात युरोपातून जुने लॅपटॉप येतात त्यातल्या दर तिसऱ्यात हाच चौकोन असतो, आणि मी लिनक्स घातलं की हाच मेल्यासारखा पडून राहतो. तुझी कंपनी विंडोजसाठी त्याला चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, देते, आम्हाला देत नाही, आणि कागदपत्रं मागितली तर गुपित म्हणते. दीड वर्ष झालं, मी त्याचा ड्रायव्हर लिहितेय. तुला हे माहीत आहे. दुकानात माझ्याच शेजारी बसून शिकलास आणि जाऊन त्याच लोकांच्या गुपितावर सही केलीस.

आता बाबांबद्दल ऐक. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना वाचलेलं समजतं, डावा हात चालतो, पण अक्षरं ओळीत लागत नाहीत. पासवर्ड टाइप करता येत नाही. चाळीस वर्षं लोकांचे दस्त लिहिले, खाजगीतलं ऐकलं, त्यातलं बरंच त्यांनी जुन्या मशिनीत टिपून ठेवलं होतं, ते सगळं मी या मशिनीत आणलंय. त्यांना आत जायचंय, एकट्याला. काहीतरी पुसायचं असेल असा माझा अंदाज. मी पासवर्ड घालून खोलीबाहेर जाते, ते डाव्या हातानं हळूहळू चालवतात, तोवर पडदा पुन्हा कुलूपबंद होतो. मग टेबल वाजवून मला बोलवावं लागतं. लहान मूल शी झाली म्हणून हाक मारतं तसं. एकदा मी कुलूपच काढून टाकलं. डॉक्टरकडून आल्यावर पडदा उघडा दिसला आणि माणूस दोन दिवस जेवला नाही.

म्हणून त्यांना बोट हवं. स्वतःचं बोट, स्वतःचं कुलूप. आणि डॉक्टर म्हणतात दुसरा झटका सांगून येणार नाही.

तू मात्र मला काही सांगायचं नाहीस. आम्हा फुकट ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा नियम तुला पाठ आहे: कंपनीचे कागद ज्यानं पाहिले त्यानं एक ओळ लिहायची नाही, आणि लिहिणाऱ्याच्या कानात काही घालायचं नाही. घातलं तर सगळं काम बाटलं. मी जे शोधते ते माझ्या डोक्यानं शोधते.

दोर्रा


३ मार्च

नौफल,

फोनवर बाबांना म्हणालास, "दोर्रा अजून त्याच्याच मागे आहे का?" मी स्वयंपाकघरात होते, ऐकू आलं. हो, त्याच्याच मागे आहे. तू हसलास तेही ऐकू आलं.

कुठवर आलेय ते लिहिते, कौतुकासाठी नव्हे. विंडोजला मशिनीच्या आत एका खोलीत कोंडलंय. त्याचा ड्रायव्हर चौकोनाशी जे बोलतो ते मध्ये कान लावून टिपते. हजारो ओळी झाल्या. काय विचारलं की तो काय उत्तर देतो, याची वही भरली. गेल्या मंगळवारी पहिल्यांदा पडद्यावर बोटाचं चित्र उमटलं. माझ्याच अंगठ्याचं, कांदा चिरताना कापलेल्या रेघेसकट. सल्हा मावशीला दाखवलं तर म्हणाली, "एवढ्यासाठी दीड वर्ष? आमच्या वेळी शाई लावायचे."

म्हणजे मशीन नवी सुरू केली की ठसा वाचतो, उघडतो, सगळं ठीक. पण झाकण मिटलं, मशीन झोपली, झाकण उघडलं, की चौकोन मुका. विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला तीन आकडे परत देतो आणि गप्प. तेच तीन आकडे, दर वेळी. प्रश्नांची अदलाबदल केली, थांबून विचारलं, दोनदा विचारलं. विंडोज मात्र झाकण उघडताच त्याला काहीतरी सांगतं जे मला गोंगाटातून वेगळं काढता येत नाही. एक प्रश्न कमी पडतोय, बहुतेक अगदी सुरुवातीचा.

अशा अवस्थेत उलरीक घेणार नाही. ती जर्मनीत बसून सगळ्यांचे ड्रायव्हर चाळते आणि तिच्या चाळणीतून अर्धंमुर्धं काही सुटत नाही. "झाकण मिटल्यावर बंद पडणारा ड्रायव्हर म्हणजे तक्रारींचा कारखाना," असं तिनं लिहिलं. खरं आहे. मे संपायच्या आत पूर्ण करून दिला तर लिनक्सच्या नव्या आवृत्तीत जाईल आणि जगात जिथे जिथे हा चौकोन आहे तिथे आपोआप चालू होईल. नाही तर बसा पुढचं वर्षभर.

बाबांना अर्धवट काही देणार नाही. आयुष्यभर ते दस्त मिटूनच उठले, झाकण तर ते मिटणारच.

पुन्हा सांगते, तू यात तोंड घालू नकोस. कुठला प्रश्न कमी पडतोय हे तुला झोपेतसुद्धा माहीत असेल. असू दे.

दोर्रा


२४ मार्च

नौफल,

ईद झाली. तुझ्या शुभेच्छा बाबांना वाचून दाखवल्या. खारवलेला मासा आणि त्यावर घालायचा शर्मूला केला, त्यासाठी मावशीनं कांदा-मनुका पाच तास परतल्या, घरभर वास. "नौफलला तिकडे काय मिळत असेल?" असं चारदा म्हणाली. मी म्हटलं, चीज मिळतं मावशी, मस्त मऊ असतं.

दुपारी बेशीरसाहेब, आपले सी बेशीर, आले. बाबांच्या बरोबरीनं ज्यांनी प्रत्येक दस्तावर दुसरी सही केली तेच. एकट्यानं ऐकलं तर ते ऐकलंच नाही, दोघं हवेत, असा त्यांचा धंदा. त्यांना बघून बाबा हलले. मशिनीकडे बोट दाखवलं. काहीतरी दाखवायचं होतं त्यांना, दोघांच्याच मधलं. झाकण उघडलं आणि चौकोनावर बोट ठेवलं. ठेवूनच राहिले. मी सांगितलेलं नव्हतं की चालेल, पण बघतात ना रोज मला त्याच्याशी झटताना. काही झालं नाही. सी बेशीर भिंतीकडे बघायला लागले. मी उठून पासवर्ड घातला. बाबांनी झाकण मिटलं आणि म्हणाले, "बरं." त्या एका शब्दात मला एवढ्या शिव्या कुणी दिल्या नव्हत्या.

तेव्हा तू काय करत होतास? चीज?

अजून तिथेच अडलेय. तेच तीन आकडे. आता असं वाटतं की झोपेतून उठल्यावर त्याला जुनी ओळख चालत नाही, नवी द्यावी लागते, आणि ती द्यायच्या आधी किती थांबायचं त्यालाही काही हिशेब आहे. हे माझं माझं आहे, तुझ्याकडून काही नको. दोन महिने उरले.

दोर्रा


१२ मे

नौफल,

हलकटपणा केलास.

बाबांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या पाठवल्यास. इथे मिळतात, तुला माहीत आहे. खोक्यातला माहितीचा कागद मी वाचते हेही माहीत आहे, कारण आईच्या वेळी मीच वाचायचे आणि तू चिडवायचास. त्या कागदाच्या घडीत तुझी चिठ्ठी. तीन ओळी. नाव नाही, पण अक्षर मीच तुला शिकवलंय.

पहिली ओळ वाचली तेव्हाच कळलं काय आहे: तोच कमी पडणारा प्रश्न. तिथे थांबता आलं असतं. कागद फाडून, खिडकी उघडून, सल्हा मावशीच्या चुलीत घालून थांबता आलं असतं. मी तिन्ही ओळी वाचल्या. दोनदा.

मग बसले. अकरा मिनिटं लागली. दीड वर्ष एकीकडे आणि तुझी अकरा मिनिटं एकीकडे. झाकण मिटलं, उघडलं, बोट ठेवलं, उघडली मशीन. पुन्हा मिटलं. पुन्हा उघडली. बाबांना हाक मारली. त्यांनी डावं बोट ठेवलं आणि पडदा उजळला तेव्हा माणूस हसला रे. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंडाच्या एकाच बाजूनं हसला. "बरं, बरं, बरं." मीही हसले. पाच मिनिटं मला काही आठवलं नाही.

मग आठवलं. मी आता बाटलेली. या चौकोनासाठी मी पुढे एक ओळ लिहिली तरी ती तुझ्या कंपनीच्या कागदातून चोरलेली, आणि उद्या त्यांच्या वकिलानं बोट दाखवलं तर माझाच नव्हे, उलरीकनं घेतलेला प्रत्येक ड्रायव्हर संशयात. वीस देशांतल्या माणसांचं फुकट केलेलं काम. तुला काय वाटलं, उपकार केलास? सांगू नको म्हणून तीन पत्रं लिहिली. वाचता येतं ना तुला?

दोर्रा


२६ मे

नौफल,

तुझं पत्र आलं. "दोर्रा, तीन ओळी आहेत, कुणाला कळणार?" असं लिहितोस. मला कळणार, शहाण्या.

आमच्यात प्रत्येक बदलाखाली एक ओळ घालावी लागते: हे काम माझं आहे आणि ते द्यायचा मला हक्क आहे. खाली नाव. कुणी तपासायला येत नाही, शपथ घालत नाही, शिक्का नाही. नुसती ओळ. मी ती ओळ लिहिली, माझं नाव लिहिलं आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसले. पाठवलं असतं. खोटं कशाला बोलू, पाठवलंच असतं. पण बाबा शेजारी खुर्चीत होते आणि पडदा वाचत होते. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असणार. ज्यांनी चाळीस वर्षं समोरच्याच्या सहीआधी त्याचा चेहरा वाचला, त्यांच्यापासून काय लपणार.

म्हणून सांगितलं. तुझी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. सावकाश वाचली त्यांनी. मग मी मशीन त्यांच्यापुढे सरकवली, म्हटलं, "बाबा, बाहेर काही पाठवत नाही. पण हे तुमच्यापुरतं तरी राहू दे. घरातल्या घरात. कुणाचं काय जातंय?"

त्यांनी डावा हात खिशात घातला. खिशातच ठेवला. मी म्हटलं, "बाबा, ठेवा ना बोट." म्हणाले, "बरं." आणि हात काही काढला नाही.

तेव्हा मी सगळं पुसलं आणि तुझ्या चिठ्ठीच्या आदल्या दिवसाची, माझी लंगडी आवृत्ती परत घातली. उलरीकला फोन करून सांगितलं की मी यातून बाहेर पडते. "कंपनीच्या आतलं काही तुझ्यापर्यंत पोचलं का?" "पोचलं." "कुणाकडून?" "सांगणार नाही." ती म्हणाली, "तुझ्या वहीचा जुना भाग दुसऱ्या कुणाला देईन. तो पहिल्यापासून लिहील. पण दोर्रा, तुझं नाव त्यावर घालता येणार नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे.

ठेवलेला फोन हातात घेऊन दुकानात रडले. गिऱ्हाईक परत गेलं.

यापुढे तुझं पत्र आलं तर न उघडता परत जाईल.

दोर्रा


ग्रेमदा रस्ता, किलोमीटर साडेपाच, स्फाक्स
२१ जून

नौफल,

उघडलं. मावशीनं उघडलं, मी वाचलं.

कुणी सांगितलं होतं तुला उलरीकला लिहायला? आणि तेही आमच्या सगळ्यांना दिसणाऱ्या ईमेलच्या यादीवर, नावानिशी! "माझ्या बहिणीनं काही मागितलं नव्हतं, मी आपणहून कळवलं." ती यादी तुझ्या कंपनीतले लोकही वाचतात हे काय तुला माहीत नव्हतं? आता तुला नोकरीवरून दूर ठेवलंय, दोन जुलैला चौकशी, गुपित फोडल्याचा आरोप, राहायचा परवाना त्याच नोकरीवर. आणि माझं काम त्यानं धुऊन निघालं का? नाही. बाटलेलं ते बाटलेलं. मी तोंड शिवून तुला वाचवत होते आणि तू चौकात जाऊन ओरडलास. मूर्खच आहेस, पहिल्यापासून.

आता मी जे लिहिते ते नीट वाच.

गेल्या बुधवारी मी दुकानात होते. बाबांजवळ सल्हा मावशी होती. बाबांनी झाकण उघडलं, बोट ठेवलं, चौकोन मुका. मला बोलवायला टेबल वाजवणार असं मावशीला वाटलं. त्यांनी बाजूचं बटण दाबलं आणि दाबून धरलं. पडदा काळा झाला. मावशी किंचाळली, "अहो दाजी, मेली की मशीन! दोर्रा माझा जीव घेईल." बाबांनी बटण पुन्हा दाबलं. दोन मिनिटं खुर्चीत स्वस्थ बसले. मग बोट ठेवलं आणि मशीन उघडली.

मावशीला त्यांनी हातानं बाहेर जायची खूण केली. तासभर दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा वाटीभर सूप मागून घेतलं आणि सगळं प्यायले. काय वाचलं, काय पुसलं, मला माहीत नाही, विचारणारही नाही. मी घरी आल्यावर मावशी म्हणाली, "एवढं काय गं कठीण होतं? बंद केली, सुरू केली."

नौफल, मी दिवसातून दहा गिऱ्हाइकांना हेच सांगते. बंद करून सुरू करा. तूही सांगायचास, याच दुकानात बसून. माझ्या तीन मार्चच्या पत्रात मी स्वतः लिहिलंय की मशीन नवी सुरू केली की ठसा वाचतो. माझ्या डोक्यात आलं नाही, तुझ्याही आलं नाही. बाबांचं बोट मार्चमध्येच चालू करता आलं असतं. ईदला सी बेशीरसमोर मशीन उघडली असती. दोन मिनिटं लागली असती, आणि त्या दोन म्हाताऱ्यांना कसली घाई होती? अर्धवट काही देणार नाही असं मी म्हणत राहिले, कारण उलरीक अर्धवट घेत नव्हती. मला बाबांसाठी झाकण मिटल्यावर चालणारं नको होतं, मला उलरीकसाठी हवं होतं. त्या ओळीखाली माझं नाव हवं होतं. बाबांचं नाव मी वर लिहीत गेले, एवढंच.

आणि दुसरं. काल प्रती काढून बसले. तुला लिहिलेल्या पत्रांच्या, जानेवारीपासून. दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वाचली. "तू काही सांगू नकोस", आणि लगेच खाली, कुठे अडलंय, किती आकडे परत येतात, कुठला प्रश्न कमी पडतोय असं वाटतं, किती दिवस उरले. ज्याला सांगायचं नाही त्याला एवढं बारीक कोण लिहितं? ईदला बाबांनी बोट ठेवलं ते तुला कळवायचं काय कारण होतं? तुला जिथे दुखतं तिथे दाबायचं होतं मला, म्हणून कळवलं.

मी तुला माफ केलेलं नाही. चाळिसाव्याचंही नाही, त्या कंपनीचंही नाही. समोर आलास तर पहिल्यांदा दार आपटीन. पण तू जे यादीवर लिहिलंस ते खोटं आहे, आणि माझ्यासाठी कुणी खोटी ओळ लिहिलेली मला चालणार नाही.

म्हणून या पाकिटात सगळ्या पत्रांच्या प्रती आहेत, टपालाच्या पावत्यांसकट. आजच्या या पत्रावर पूर्ण नाव, पत्ता आणि सही आहे. एक संच आजच उलरीकला गेला. हा संच दोन तारखेला चौकशीत ठेव. भाषांतर कर, एक शब्द गाळू नकोस, 'हलकटपणा'सुद्धा नाही. त्यांना म्हणावं, बहिणीनं काही मागितलं नव्हतं असं मी यादीवर लिहिलं ते खरं नाही.

मी विचारलं होतं. तीन पत्रांत, तीन वेळा. सांगू नकोस असं म्हणत विचारलं होतं.

दोर्रा फूराती